फ्लॉरेन्सच्या वेशी पायी बघायच्या असतील तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ऑक्टोबरमध्ये तुम्ही चौघं फ्लॉरेन्सला येताय, त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा आहे. नकाशावर जुन्या शहराभोवती वेशींचं कडं दिसलं आणि ते पायी पुरं करावं असं तुमच्या मनात आलं. सुरुवात कुठून करायची, वेळ किती लागेल, गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना झेपेल का आणि चौदा वर्षांचा मुलगा कंटाळेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी बरीच वर्षं या शहरात लोकांना पायी फिरवतो. माझं उत्तर असं की अख्खं कडं एका दिवसात होतं, पण तुम्ही ते करू नका. आर्नो नदीच्या उत्तरेला वेशी शिल्लक आहेत, पण त्यांना जोडणारा तट गेला. त्याच्या जागी मोठमोठे रस्ते आहेत आणि वेशी चौकांच्या मधोमध बेटासारख्या उभ्या आहेत. दक्षिणेला, नदीपलीकडे, वेशींबरोबर तटही बराचसा उभा आहे. वेस कळायची तर ती तटात बघायला हवी. म्हणून पूर्वेकडून एकच उत्तरेकडची वेस घ्या, नदी ओलांडा आणि मग पश्चिमेपर्यंत तटाच्या कडेकडेने चाला. सात-आठ किलोमीटर होतात. सकाळी साडेआठला निघालात आणि रमतगमत चाललात तर जेवायच्या वेळेला शेवटच्या वेशीत पोचता.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास मुलाला सांगून ठेवा, नाहीतर त्याला ही सगळी एकसारखी दगडी कमानच वाटेल. फ्लॉरेन्सने आपल्या इतिहासात अनेकदा तट बांधले. आपण बघणार तो शेवटचा. १२८४ साली त्याचा निर्णय झाला, आर्नोल्फो दि काम्बियो या शिल्पी-वास्तुविशारदाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं, आणि काम १३३३ पर्यंत चाललं. लांबी सुमारे साडेआठ किलोमीटर, उंची साडेअकरा मीटरच्या आसपास, जाडी दोन मीटर, मध्ये ठरावीक अंतरावर बुरूज. त्या वेळी शहराची वस्ती लाखाच्या घरात होती आणि ती वाढतच जाणार अशा हिशोबाने पैस मोठा धरला होता. मग १३४८ ची प्लेगची साथ आली आणि निम्मं शहर गेलं. आखलेली जागा पुढची पाचशे वर्षं भरलीच नाही. तटाच्या आत मठांच्या बागा, भाजीचे मळे, द्राक्षांचे वेल राहिले. आजही नदीपलीकडे तटाला लागून एवढी झाडी का दिसते, त्याचं उत्तर यात आहे.

तट पाडला तो शत्रूने नाही. १८६५ मध्ये फ्लॉरेन्स एकत्र झालेल्या इटलीची राजधानी झालं. नवी राजधानी देखणी हवी, रस्ते रुंद हवेत म्हणून जुझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाकडे आराखड्याचं काम आलं. त्याने उत्तरेकडचा तट काढून तिथे पॅरिसच्या धर्तीचे वर्तुळाकार हमरस्ते केले. मुख्य वेशी मात्र त्याने ठेवल्या आणि प्रत्येकीभोवती चौक आखला. तट गेल्याबद्दल इथल्या जुन्या लोकांच्या मनात अजूनही सल आहे, आणि मला तो रास्त वाटतो. राजधानीचा मान १८७१ मध्येच रोमला गेला. सहा वर्षांच्या राजधानीसाठी साडेपाचशे वर्षांचा तट गेला.

आता चालायला लागू.

सुरुवात पिआत्सा बेक्कारिया या चौकातल्या पोर्ता आल्ला क्रोचेपासून करा. पोर्ता म्हणजे वेस. ही १२८४ ची, म्हणजे नव्या तटातल्या पहिल्या वेशींपैकी. भोवती गाड्या फिरत असतात. झेब्रा क्रॉसिंगवरून जा आणि मध्यावर उभे राहून वर बघा. वेशीचा माथा सपाट आणि बुटका दिसेल. असं का, ते नदीपलीकडे गेल्यावर लख्ख कळेल, म्हणून हा बुटकेपणा डोळ्यांत साठवून ठेवा. चौकाचं नाव चेझारे बेक्कारिया या विचारवंतावरून आहे. फाशीची शिक्षा बंद करावी असं त्याने अठराव्या शतकात मांडलं आणि १७८६ मध्ये फ्लॉरेन्स ज्यात मोडायचं त्या तोस्काना राज्याने ती खरोखरच कायद्यातून काढून टाकली. त्याचं नाव याच भागाला दिलं, कारण शहराची वधभूमी पूर्वेच्या याच तटाबाहेर होती. नको असलेलं, भीतीचं, अशुभ मानलेलं जे काही ते वेशीबाहेर, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

तिथून नदीकडे दहा मिनिटांत एक एकटा बुरूज लागतो, तोर्रे देल्ला झेक्का. तट नदीला भिडत होता तिथला हा टोकाचा पहारेकरी. पुढे इथे टांकसाळ होती, नदीच्या पाण्याच्या जोरावर यंत्रं चालायची आणि फ्लोरिन ही शहराची नाणी पाडली जायची. आज तोही रस्त्याच्या कोंडीत सापडलाय. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. मात्र नदीच्या कठड्याशी जाऊन समोर बघा. पलीकडच्या काठावर, थेट समोर, एक उंच सडसडीत मनोरा दिसेल. तीच आपली पुढची वेस. या दोघांच्या मध्ये नदी होती आणि तटातलं तेवढंच खिंडार पाण्याने भरलेलं होतं. शहराचा तो कच्चा दुवाही ठरला. तट पुरा झाला त्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १३३३ ला, आर्नोला मोठा पूर आला आणि त्यात जुना पोन्ते वेक्कियो पूल वाहून गेला. आज दिसतो तो १३४५ चा. पुढे १९६६ चा महापूर आला, त्याचीही तारीख ४ नोव्हेंबरच. या भागातल्या भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या पाट्या आहेत. आपल्या डोक्याच्या बऱ्याच वर हात करून दाखवावा लागतो.

पोन्ते सान निक्कोलो या पुलावरून पलीकडे जा आणि उजवीकडे काठाकाठाने पोर्ता सान निक्कोलोपाशी या. इथे मी माझ्या लोकांना हटकून बराच वेळ थांबवतो. ही वेस १३२४ ची, उंची सुमारे ४५ मीटर. सगळ्या वेशींमध्ये मूळ उंची शाबूत असलेली ही एकटीच. बाकीच्याही अशाच आभाळात गेलेल्या होत्या. मग त्यांचे माथे कोणी उतरवले?

फ्लॉरेन्सकरांनीच. पंधराव्या शतकाच्या शेवटी तोफांनी युद्धाची रीत बदलली. उंच बुरूज लांबून दिसतो, गोळा नेमका लागतो आणि ढासळणारे दगड आपल्याच माणसांवर पडतात. १५२६ मध्ये शहराने तटाच्या दुरुस्तीसाठी समिती नेमली. तिचा सचिव होता निकोलो मॅकियाव्हेली, राजनीतीवरच्या लिखाणामुळे आपण ज्याला ओळखतो तोच. त्याने पेद्रो नाव्हारो या स्पॅनिश युद्धतज्ज्ञाबरोबर तटाची पाहणी केली आणि कुठे काय पाडावं, कुठे मातीचे भराव घालावेत याचा अहवाल लिहिला. म्हणजे तुम्ही चालणार आहात तोच फेरा पाचशे वर्षांपूर्वी या दोघांनी कामासाठी घातला होता. पुढच्या तीन वर्षांत बुरुजांचे आणि वेशींचे माथे खाली आले. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आणि पोपच्या फौजांनी वेढा घातला आणि तो दहा महिने चालला. सान निक्कोलोची वेस वाचली, कारण तिच्या मागे टेकडी आहे आणि शत्रूच्या तोफांना ती थेट माऱ्यात मिळत नव्हती.

आता वेशीला वळसा घालून शहराच्या बाजूला या. बाहेरून ती घट्ट बंद आहे, मोजक्याच खिडक्या. आतून मात्र उघडी: एकावर एक कमानी आणि त्यांतून मजले, जिने, सगळं दिसतं. हा खर्च वाचवायचा प्रकार नाही. शत्रूने वेस जिंकलीच, तर त्याला तिच्यात लपून शहरावर मारा करता येऊ नये, आतल्या लोकांना तो उघड्यावर दिसावा, म्हणून पाठ मोकळी ठेवायची. मुलाला हे आधी सांगू नका. बाहेरची आणि आतली बाजू दाखवून त्यालाच फरक विचारा. माझा अनुभव असा की त्या वयाची मुलं इथपासून पुढे स्वतःच शोधायला लागतात. उन्हाळ्याच्या मोसमात मार्गदर्शकाबरोबर वर सोडतात. दीडशेच्या वर पायऱ्या आहेत आणि वरून नदीचं वळण आणि कथेद्रालचा घुमट एका नजरेत येतात. ऑक्टोबरच्या तुमच्या तारखेला मनोरा उघडा आहे का, ते पालिकेच्या संग्रहालयांच्या संकेतस्थळावर बघून आधीच आरक्षण करा.

वेशीच्या मागे टेकडीवर चढत जाणारे वळणावळणाचे रस्ते आणि कारंजी दिसतील. तीही पोज्जीचीच. पाणी अनेक दशकं बंद होतं, २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पुन्हा वाहतं झालं. वर पिआत्साले मिकेलान्जेलो हा चौक आहे. तिथे सगळेच जातात, तुम्हीही एखाद्या संध्याकाळी जाल. आज तिकडे वळू नका, पाय पुढच्या चढासाठी राखून ठेवा.

सान निक्कोलोच्या गल्लीतून पाच मिनिटांवर पोर्ता सान मिनियातो. हिला मनोरा नाही, थाटमाट नाही. तटाला पाडलेली साधी कमान, आणि म्हणूनच मला ती फार आवडते. मोठ्या वेशी परगावच्या हमरस्त्यांवर होत्या: राजदूत, व्यापारी, फौजा तिथून यायच्या. ही मळ्यांत कामाला जाणाऱ्यांची आणि टेकडीवरच्या सान मिनियातोच्या चर्चला जाणाऱ्यांची वेस. त्या चर्चचा घंटेचा मनोराही वेढ्यात कामी आला. तटबंदीची जबाबदारी तेव्हा शिल्पकार मिकेलान्जेलोकडे होती. त्याने मनोऱ्यावर तोफा चढवल्या आणि गोळ्यांचा मार सोसावा म्हणून भोवती लोकरीचे गठ्ठे टांगले.

इथे तुमचे दोन गट करा. सासूबाईंनी पुढचा चढ चढू नये. त्यांच्याबरोबर एकाने राहावं आणि सान निक्कोलोच्या गल्लीतून सरळ व्हिया दे बार्दीने पोन्ते वेक्कियोच्या तोंडाशी यावं, तिथून पित्ती राजवाड्याच्या चौकात निवांत कॉफी घ्यावी आणि व्हिया रोमानाने पोर्ता रोमानाला आतून पोचावं. हा रस्ता जवळजवळ सपाट आहे आणि वाटेत बसायला जागा आहेत. शिवाय पूर्वी प्रवासी रोमला निघत, ते याच रस्त्याने निघत. तेव्हा आपलं काही हुकलं असं सासूबाईंना वाटायला नको.

चढणाऱ्यांसाठी व्हिया दी बेल्वेदेरे. वेशीतून बाहेर पडलात की डाव्या हाताला बागा आणि ऑलिव्हची झाडं, उजव्या हाताला अखंड तट. पूर्ण उंचीचा, मध्ये मध्ये बुरूज असलेला, टेकडीच्या पाठीवर सरळ चढत गेलेला. शहरातला सगळ्यात चांगला राहिलेला तुकडा हाच. गर्दी नसते, कधी कधी अर्धा तास कोणी भेटत नाही. तटाला हात लावून बघा: पिएत्राफोर्ते नावाचा तपकिरी-पिवळसर दगड, चिरे लहान आणि ओबडधोबड. वेशींना वापरलेले चिरे मात्र मोठे आणि घडीव आहेत. तट लांबच लांब होता, तिथे हाताशी मिळेल तो दगड चालला. वेशीत परक्या माणसाची पहिली नजर पडणार, तिथे घडाई केली. चढ खडा आहे, पण सातशे मीटरच्या आसपासच. मी हा मार्ग नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडे नेतो, त्याचं एक कारण हा रस्ता. चढताना दम लागतो, पण उलट दिशेने आलात तर याच दगडी उतारावर गुडघ्यांची परीक्षा होते, आणि पाऊस पडून गेला असेल तर पाय घसरतात.

वर पोचलात की पोर्ता सान जॉर्जो, तीही १३२४ ची. हिचा माथा उतरवलेला, म्हणून ठेंगणी. बाहेरच्या अंगाला कमानीवर घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनला मारताना कोरलाय. तिथली प्रतिकृती आहे, मूळ शिल्प पालात्सो वेक्कियोत जपून ठेवलंय. आत शिरून मागे वळा: बिच्ची दी लोरेन्झोने रंगवलेली मेरी आणि बाळ, बाजूला संत. बाहेर पडणाऱ्याला शहराचा निरोप म्हणून मेरी दिसायची, आत येणाऱ्याला भाला उगारलेला संत. दोन्ही बाजू मुद्दाम बघा, लोक एकच बघून जातात.

वेशीला खेटून बेल्वेदेरेचा किल्ला आहे, १५९० च्या दशकात इथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्यातल्या फेर्दिनांदोने बुओन्तालेन्ती या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेला. वेशी बांधल्या त्या शहराने, बाहेरच्या शत्रूसाठी. वेढा संपला, लोकांचं राज्य बुडालं, मेदिची घराणं कायमचं बसलं आणि नंतर जे किल्ले उठले त्यांना शहराकडेही बघायचं होतं. उत्तरेकडचा फोर्तेत्सा दा बास्सो १५३४ मध्ये सुरू झाला तो याच काळात, आणि त्याने तर पोर्ता आ फाएन्झा ही जुनी वेसच आपल्या पोटात घेतली. तट आणि किल्ला यांच्यातला हा फरक सान जॉर्जोला उभं राहिलं की नीट कळतो. वेशीच्या आत उताराच्या गल्लीवर १९ क्रमांकाचं घर गॅलिलिओचं होतं. पुढे चर्चने त्याला नजरकैदेत ठेवलं, ते याच वेशीबाहेरच्या आर्चेत्रीत. १६४२ मध्ये तो तिथेच गेला.

इथून पोर्ता रोमानाला जायला व्हिया सान लेओनार्दो घ्या. दोन्ही बाजूंना गिलावा केलेल्या उंच भिंती, गिलाव्यावर कोरलेली साधी नक्षी, वरून डोकावणारे ऑलिव्ह. शहराच्या वेशीपासून शंभर पावलांवर पूर्ण खेडं सुरू होतं, आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या माणसालाही ते असंच लागत असणार. पदपथ मात्र नाही आणि गाड्या येतात, तेव्हा मुलाला एका ओळीत चालवा. वाटेतलं सान लेओनार्दोचं छोटं चर्च उघडं दिसलं तर आतला तेराव्या शतकातला कोरीव प्रवचनमंच नक्की बघा. पुढे टेकडीवरचा झाडांनी झाकलेला हमरस्ता लागतो आणि व्हियाले माकियाव्हेल्लीने, योगायोगाने त्याच सचिवाच्या नावाच्या रस्त्याने, सौम्य उताराने पोर्ता रोमानाला उतरता. हा टप्पा पाऊण तासाचा आहे. घाई असेल तर वेशीजवळचं बोबोली बागेचं दार उघडं आहे का बघा. तिकीट काढून बागेतूनही पोर्ता रोमानापाशी निघता येतं.

पोर्ता रोमाना १३२६ ला सुरू झाली. सिएना आणि रोमचा रस्ता इथून निघतो, त्यामुळे मानाची स्वागतं याच वेशीत व्हायची. मेदिची घराण्यातला पोप दहावा लिओ १५१५ मध्ये इथून शहरात आला, आणि १५३६ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स, ज्याच्या फौजांनी सहाच वर्षांपूर्वी हे शहर उपाशी मारून नमवलं होतं. कमानीवरचं भित्तिचित्र फ्रांचाबिजोचं आहे. वेशीबाहेरच्या चौकात मिकेलान्जेलो पिस्तोलेत्तोचं १९८४ चं मोठं संगमरवरी शिल्प आहे: उभी बाई आणि तिच्या डोक्यावर आडवी दुसरी, एकीचं तोंड शहराकडे, दुसरीचं बाहेरच्या रस्त्याकडे. काहींना ते इथे विजोड वाटतं. मला ते जागेला शोभतं, कारण वेस दोन्हीकडे बघते. सासूबाई आणि तुम्ही इथे पुन्हा एकत्र या.

इथून पुढचा रस्ता सगळ्यांना झेपेल असा. व्हियाले पेत्रार्का आणि मग व्हियाले आरिओस्तो, सपाट, झाडांच्या सावलीचा, आणि उजव्या हाताला पुन्हा अखंड तट. आत तोरिजानी कुटुंबाची मोठी खाजगी बाग आहे. प्लेगनंतर मोकळी राहिलेली जागा म्हणतो ती अशी. वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही पोर्ता सान फ्रेदियानोला पोचता.

या वेशीसाठी मी दिवसातली उरलेली शक्ती राखून ठेवायला सांगतो. १३३२ ते १३३४ ची ही वेस, आंद्रेआ पिसानोच्या नावावर सांगतात. पिसाचा रस्ता, म्हणजे समुद्राचा आणि मालाचा रस्ता, इथून निघायचा. हिची लाकडी दारं अजून जागेवर आहेत. तेरा मीटरच्या आसपास उंच, वीतभर जाड, अंगभर लोखंडी खिळ्यांच्या ओळी. उघड्या फळ्या भिंतीला टेकलेल्या असतात आणि लोक त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता किराणा घेऊन जातात. जवळ जा. फळ्यांचे सांधे, खिळ्यांची डोकी, मोठाले अडसर निरखून बघा. मुलाला दाराशी उभं करून फोटो काढा, मग उंची कळते. रात्री ही दारं लागली की उशिरा आलेला प्रवासी बाहेरच. सकाळी उघडली की गाडीमागे जकात. अंडी, दारू, धान्य, लाकूड, काहीही आत न्यायचं तर इथे पैसे मोजावे लागत. तट लढाईच्या वर्षांत कामी आला, पण वेशी रोज कामी यायच्या, त्या जकातीसाठी.

१७ नोव्हेंबर १४९४ ला फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स आपली फौज घेऊन याच दारातून आत आला. दारं फोडावी लागली नाहीत, उघडून दिली गेली. एवढा तट, एवढे बुरूज, आणि निर्णय शेवटी माणसांच्या हातात होता. शहरातली मेदिचींची सत्ता तेव्हा नुकतीच कोसळली होती.

इथून नदीपर्यंत तटाचा शेवटचा तुकडा आणि सान्ता रोझाचा छोटा बुरूज. पाच मिनिटं. मग मागे फिरून सान फ्रेदियानोच्या गल्ल्यांत जेवा. शाकाहारी असाल तर रिबोल्लिता मागा, शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर कोबीचं दाट सूप. फक्त त्यात मटणाचा रस्सा नाही ना, हे विचारून घ्या. मन झालं तर कार्मिने चर्चमधली मासाच्चोची भित्तिचित्रंही इथून जवळच आहेत, पण त्यासाठी आधी वेळ आरक्षित करावी लागते.

उत्तरेकडच्या उरलेल्या वेशी वेगळ्या दिवशी, जाता-येता बघा. पोर्ता सान गाल्लो पिआत्सा देल्ला लिबेर्तात आहे, बोलोन्याच्या रस्त्यावरची, १२८५ ची. तिच्या समोर १७३९ मध्ये लोरेन घराण्याच्या नव्या राजाच्या स्वागतासाठी उभारलेली विजयकमान आहे. जुनी वेस लोकांनी स्वतःच्या रक्षणासाठी बांधलेली, कमान राजाच्या कौतुकासाठी. दोन्ही एकाच चौकात शेजारी. पोर्ता आ पिन्ती तर उरलीच नाही. तिच्या बाहेरची प्रॉटेस्टंटांची दफनभूमी, जिथे इंग्लिश कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांना पुरलंय, ती आता रस्त्याच्या मधोमध टेकाडासारखी दिसते. वेशीबाहेर होती तोवर तिथे दफन चाले. तट गेला, ती शहरात आली आणि १८७७ मध्ये बंद झाली.

पश्चिमेच्या पोर्ता अल प्रातोचं मात्र मराठी माणसाला वेगळं सांगायला हवं. तिच्या पलीकडे काशिने नावाचं लांबलचक उद्यान सुरू होतं आणि त्याच्या अगदी टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, यांची छत्री आहे. विलायतेहून परतताना महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. इथे दहनाची चाल नव्हती. परवानगी घेऊन, दोन नद्यांचा संगम शोधून, हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी उत्तरेकडचा तट नुकताच पाडलेला होता आणि नवे हमरस्ते अजून बांधले जात होते. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलाला इथले लोक आजही ‘इंदियानो’चा पूल म्हणतात. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज याच महाराजांच्या नावाचं.

छत्री वेशींच्या फेऱ्यात त्याच दिवशी घालू नका, तुमचे पाय बोलायला लागलेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामच्या पहिल्या लाइनने काशिने थांब्यावर उतरा. तिथून उद्यानातून अडीच किलोमीटरच्या आसपास, पूर्ण सपाट. मुलाला सायकल भाड्याने घेऊन दिलीत तर त्याला हाच भाग सगळ्यात आवडेल. सासूबाईंना एवढं चालवू नका. टॅक्सीवाल्याला ‘पिआत्साले देल्लिंदियानो’ सांगा आणि कुठपर्यंत जवळ सोडता येईल ते आधी विचारा. अंधार पडल्यावर उद्यानात थांबू नका, तो भाग सामसूम होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि सव्वापाचलाच सूर्य मावळतो. तुमच्या तारखा त्यानंतरच्या असतील, तर वेशींचा फेराही साडेआठच्या ऐवजी आठलाच सुरू करा.